डोपामीन-नियमन आणि परळ-दादर येथील औषधिविज्ञान

मेंदूतील एका तंत्रिका-कोशिकेकडून दुसरीकडे संदेश पोहोचविणाऱ्या रासायनिक द्रव्यांना तंत्रिका-प्रेषक म्हणतात. डोपामीन हे त्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य होय. हालचालींचा सुरळीतपणा, प्रेरणा, समाधान व काही हॉर्मोनांचे स्रवण या गोष्टी त्यावर अवलंबून असतात. डोपामीन कमी पडल्यास कंपवात होतो, तर त्याच्या अतिरिक्त क्रियेचा संबंध काही मानसिक विकारांशी जोडला जातो. त्यामुळे ते किती तयार व्हावे, किती साठवावे व किती सोडावे यांवर मेंदूला सतत नियंत्रण ठेवावे लागते. या नियंत्रणाविषयीचे ज्ञान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. ते मुख्यतः यूरोप व अमेरिकेतील प्रयोगशाळांतून मिळाले असले, तरी त्याची एक वाट मुंबईतील परळ येथील रुग्णालयातून गेलेली आहे, आणि दुसऱ्या एका वनस्पतीच्या निमित्ताने ती परळ-दादर भागात परतही आलेली आहे.

डोपामिनाची निर्मिती टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून होते. हे अम्ल नेहमीच्या अन्नातून मिळते. तंत्रिका-कोशिकेतील टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या एंझाइमामुळे त्याचे रूपांतर प्रथम डायहायड्रॉक्सिफिनिल ॲलॅनीन म्हणजे एल-डोपा या द्रव्यात होते व दुसऱ्या एका एंझाइमाच्या क्रियेने एल-डोपापासून डोपामीन बनते. दुसरी पायरी जलद असते, पहिली मंद. कारखान्यातील सर्वांत सावकाश चालणारे यंत्र जसे साऱ्या उत्पादनाची गती ठरविते, त्याचप्रमाणे टायरोसीन हायड्रॉक्सिलेज डोपामिनाच्या उत्पादनाची गती ठरविते. नियंत्रणाचे जवळजवळ सर्व उपाय या एका एंझाइमावर केंद्रित झालेले आहेत. तयार झालेले डोपामीन कोशिकेच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांत भरले जाते. तंत्रिका आवेग आला की पुटिका आपला साठा बाहेर सोडतात, आणि बाहेर पडलेल्या डोपामिनाचा बराचसा भाग परत कोशिकेत शोषला जातो. पुटिकेबाहेर मोकळे राहिलेले डोपामीन मात्र मोनोअमाइन ऑक्सिडेज या एंझाइमामुळे नष्ट होते. पुटिकांतील साठ्याचे महत्त्व प्रथम एका भारतीय वनस्पतीच्या मुळामुळे लक्षात आले.

सर्पगंधा : सर्पगंधा ही वनस्पती हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत व पश्चिम घाटातही आढळते, महाराष्ट्रात तिला हरकी किंवा अडकई असेही म्हणतात. तिच्या मुळाचा उपयोग सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर पूर्वापार केला जात असे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तिच्याकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वळले. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमलखान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ उन्माद व अतिरक्तदाब या दोहोंवर उपयुक्त असल्याचे नमूद केले. पुढे कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा यांनी त्याच्या औषधी गुणधर्मांचा अभ्यास केला. रक्तदाब उतरविणारे द्रव्यच मनही शांत करते, या गोष्टीचे महत्त्व मात्र त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. तसे पाहिले तर सारा प्रश्न त्या एका निरीक्षणात दडलेला होता.

परळ हा भाग तेव्हा गिरण्यांचा होता. लालबाग, परळ व शिवडी येथील चाळींत कामगारांची दाट वस्ती होती, आणि त्यांच्यासाठी मोठे रुग्णालय म्हणजे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच के. ई. एम. रुग्णालय होय. या दोन्ही संस्था १९२६ मध्ये सुरू झाल्या. महाविद्यालयात अध्यापक भारतीयच असावेत या आग्रहातून तिचा जन्म झाला होता. सरकारी वैद्यकीय सेवेत वरिष्ठ पदे बहुतांशी इंग्रजांकडे असण्याचा तो काळ होता. अतिरक्तदाबावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. मिठाचे पथ्य, विश्रांती, शामक औषधे व क्वचित अनुकंपी तंत्रिका छेदण्याची शस्त्रक्रिया एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. जवळच हाफकिन संस्थेत लसींचे व रोगजंतूंचे संशोधन चालू होते. हृद्‌विकार व रक्तदाब यांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाई.

या रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत झाला. लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी सर्पगंधेचे मूळ अतिरक्तदाबाच्या रुग्णांना काही वर्षे पद्धतशीरपणे देऊन पाहिले. १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात त्यांनी ५० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, तो हळूहळू उतरला व गंभीर अपाय क्वचितच आढळला, असे त्यांचे निष्कर्ष होते. आजच्या कसोटीला हा अभ्यास पुरा उतरत नाही. त्यात निष्क्रिय गोळी देऊन तुलना केलेला गट नव्हता. परंतु औषध म्हणून वापरात असलेल्या एका वनस्पतीचा परिणाम नोंदवहीत मांडून, मोजून व जगाच्या वैद्यकीय वाचकांसमोर ठेवून त्यांनी ती भारताबाहेर पोहोचविली. कलकत्त्यातील आधीचा लेख भारतातच राहिला. मुंबईतील लेख बाहेर गेला. तो कोठे छापला यावर एखाद्या संशोधनाचे भवितव्य किती अवलंबून असते, याचे हे उदाहरण आहे.

बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी वकील यांचा लेख वाचला व भारतातून औषध मागवून आपल्या रुग्णांना दिले. रक्तदाब उतरण्याबरोबरच रुग्ण शांत, निश्चिंत होतात हे त्यांनी नमूद केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुल्लर, श्लिटलर व बाइन यांनी मुळातील मुख्य क्रियाशील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला रेसर्पीन असे नाव देण्यात आले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयाचे नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांसाठी वापरून त्याचा शामक परिणाम प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये वकील यांना अतिरक्तदाबावरील कार्यासाठी अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्या पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन हेही होते. भारत सरकारने १९५८ मध्ये वकील यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांचे निधन १९७४ मध्ये झाले. दरम्यान, भारतीय मुळातून निघालेले हे द्रव्य स्विस कंपनीच्या मिश्र गोळ्यांच्या रूपाने मुंबईच्याच औषधदुकानांत परत आले, व अनेक वर्षे 'ॲडेल्फेन' या नावाने ते अतिरक्तदाबाच्या घरोघरच्या रुग्णांना परिचित होते.

साठा रिकामा झाल्यावर : रेसर्पिनाचे परिणाम जसजसे अधिक रुग्णांत दिसू लागले, तसतसे त्याचे दोषही स्पष्ट झाले. काही रुग्ण खिन्न होत, काहींचा उत्साह मावळे, आणि मोठ्या मात्रा दिलेल्यांच्या हातांना कंप सुटून हालचाली जड होत. खिन्नता व रेसर्पीन यांतील संबंध सुरुवातीला वाटला तितका ठाम नाही, असे नंतरच्या परीक्षणांत दिसून आले. परंतु कंप व जडत्व यांविषयी शंका नव्हती. हा अपाय संशोधनाच्या दृष्टीने मौल्यवान ठरला. एखादे औषध कंपवातासारखी अवस्था हेतुपुरस्सर निर्माण करू शकत असेल, तर त्या औषधाने मेंदूत काय नाहीसे होते ते पाहिले की रोगाचे कारण सापडेल, असा विचार करणे शक्य झाले.

१९५५ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसर्पीन दिल्यावर ऊतकांतील सेरोटोनीन नाहीसे होते असे दाखविले. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन त्यांच्याकडे काही महिने काम करून मायदेशी परतले होते. त्यांनी १९५७ मध्ये सशांवर प्रयोग केले. रेसर्पिनाने ससे निश्चल झाले. सेरोटोनिनाचे पूर्वद्रव्य देऊनही ते उठले नाहीत. पण एल-डोपा दिल्यावर थोड्याच वेळात ते हिंडू लागले. म्हणजे हरवलेली वस्तू सेरोटोनीन नसून एल-डोपापासून बनणारी होती. पुढच्या वर्षी मेंदूत डोपामीन स्वतंत्रपणे असते हे त्यांनी सिद्ध केले. तोवर ते केवळ नॉरॲड्रेनॅलिनाच्या वाटेवरील मधली पायरी समजले जाई. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकेविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत, विशेषतः रेखी पिंडात, डोपामीन अत्यल्प असल्याचे दाखविले. १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉर्ज कोट्झियास यांनी एल-डोपाच्या मोठ्या मात्रा तोंडावाटे देऊन रुग्णांना चालते केले. कार्लसन यांना या कार्यासाठी २००० सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला.

रेसर्पीन साठा रिकामा करते तो कसा, हे हळूहळू कळले. द्रव्य पुटिकांत भरणारी यंत्रणा ते बंद पाडते. मोकळे राहिलेले डोपामीन मोनोअमाइन ऑक्सिडेजाच्या तावडीत सापडते. पण खरे कुतूहल याच्या पुढे होते. साठा रिकामा झाल्यावर कोशिका स्वस्थ बसत नाही. १९६९ मध्ये म्युलर, थोनेन व ॲक्सलरॉड यांनी उंदरांना रेसर्पीन दिल्यावर काही दिवसांत अधिवृक्क ग्रंथी व अनुकंपी गुच्छिका यांतील टायरोसीन हायड्रॉक्सिलेजाचे प्रमाण वाढते, असे दाखविले. कोशिकेने तुटवडा ओळखून जास्त एंझाइम बनविले होते. मेंदूच्या स्तंभातील नील स्थानातही हाच प्रकार पुढे आढळला. हे नियंत्रण सावकाश चालते; त्याला दिवस लागतात, कारण नवीन एंझाइम बनवावे लागते.

यापेक्षा जलद नियंत्रणे तीन आहेत. पहिले म्हणजे अंतिम द्रव्याकडून होणारा प्रतिबंध : कोशिकेत डोपामीन किंवा नॉरॲड्रेनॅलीन साचले की ते टायरोसीन हायड्रॉक्सिलेजाच्या आवश्यक सहघटकाची जागा अडवून त्याची क्रिया मंद करते. स्पेक्टर, उडेनफ्रेंड व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये याचे पुरावे दिले. दुसरे, एंझाइमाच्या रेणूस फॉस्फेट गट जोडला गेला की तो अधिक क्रियाशील होतो व डोपामिनाच्या रोधाला सहज जुमानत नाही; कोशिका जोराने उद्दीपित होते तेव्हा हे घडते. तिसरे नियंत्रण सर्वांत लक्षवेधी आहे. कोशिकेच्या स्वतःच्या टोकावरच डोपामिनाचे ग्राही असतात. बाहेर पडलेले डोपामीन त्यांना जाऊन भिडले की 'पुरे झाले' असा संकेत मिळून निर्मिती व स्रवण दोन्ही मंदावतात. १९६३ मध्ये कार्लसन व लिंडक्विस्ट यांनी मनोविकारावरील काही औषधे ग्राही बंद करतात तेव्हा डोपामिनाची उलाढाल वाढते हे दाखवून अशा उलट नियंत्रणाची सूचना केली होती. १९७२ मध्ये कोशिकांचे संदेश थांबवूनही ग्राहींमार्फत हा परिणाम घडतो हे सिद्ध झाले.

कुहिली व कंपवात : एल-डोपा देणे म्हणजे या सर्व नियंत्रणांना वळसा घालून मंद पायरीच्या पुढचे द्रव्य पुरविणे होय. खुद्द डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, एल-डोपा मात्र शिरतो. हे द्रव्य वनस्पतीत सापडते ही गोष्ट भारतात आधीपासून ठाऊक होती. १९३७ मध्ये मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी कुहिलीच्या बियांतून एल-डोपा वेगळा केला होता. कुहिली किंवा खाजकुइली ही वेल कोकणात व घाटात कुंपणांवर व झुडपांवर चढलेली आढळते. तिच्या शेंगांवरील लोमांचा स्पर्श होताच अंगाला खाज सुटते, म्हणून सामान्य माणूस तिच्यापासून दूर राहतो. संस्कृत ग्रंथांत तिला कपिकच्छू व आत्मगुप्ता ही नावे असून ती बल्य, वाजीकर व वातहर म्हणून सांगितलेली आहे. वातव्याधींत कंपाचाही समावेश असल्यामुळे, प्राचीनांना कंपवाताचे रासायनिक कारण माहीत होते असा दावा कधीकधी केला जातो. तो अनाठायी आहे. प्राचीनांचे निरीक्षण उपयुक्त होते, पण बियांतील घटक व मेंदूतील उणीव यांचा संबंध १९५७ ते १९६७ या दशकापूर्वी जोडणे कोणालाही शक्य नव्हते.

तो जोडला गेल्यावर मुंबईतील संशोधकांनी प्रश्न हाती घेतला. विदेशी एल-डोपा तेव्हा महाग होता. १९७८ मध्ये अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुहिलीच्या बियांची पूड कंपवाताच्या रुग्णांना देऊन तिच्या परिणामाचा लेख न्यूरॉलॉजी इंडिया या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच अंकात रमा वैद्य, ए. आर. शेठ, सुनील पंड्या इत्यादींचा प्रोलॅक्टिनवरील लेख आहे. परळ येथे प्रजनन संशोधन संस्था व के. ई. एम. रुग्णालय जवळजवळ असल्याने हॉर्मोनतज्ज्ञ व तंत्रिकाशल्यविशारद यांचे असे एकत्र काम शक्य झाले.

प्रोलॅक्टिनचा प्रश्न या इतिहासात मध्यवर्ती आहे, कारण डोपामिनाच्या निर्मितीवर हॉर्मोनाचे नियंत्रण येथे स्पष्ट दिसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसातील काही कोशिका डोपामीन तयार करून ते पोष ग्रंथीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत सोडतात. तेथे पोहोचल्यावर ते प्रोलॅक्टिन या दुग्धजनक हॉर्मोनाच्या स्रवणास लगाम घालते. प्रोलॅक्टिन वाढले की ते उलट अधोथॅलॅमसातील त्या कोशिकांना उत्तेजित करून टायरोसीन हायड्रॉक्सिलेज वाढविते, डोपामीन वाढते व प्रोलॅक्टिन पुन्हा खाली येते. म्हणजे येथे निर्मितीचा हिशेब केवळ कोशिकेच्या आत ठेवला जात नाही. दूरच्या ग्रंथीकडूनही तो मागितला जातो. डोपामीन कमी झाले किंवा त्याचे ग्राही बंद झाले, जसे रेसर्पीन अथवा मनोविकारावरील काही औषधांनी होते, तर प्रोलॅक्टिन वाढते व स्त्रियांत मासिक पाळी बंद होणे, प्रसूतीविना दूध येणे यांसारखी लक्षणे उद्भवतात. पोष ग्रंथीतील अर्बुदांमुळेही हीच लक्षणे होतात. मुंबईच्या लेखात ब्रोमोएर्गोक्रिप्टीन, कुहिली व एल-डोपा यांची प्रोलॅक्टिनवरील क्रिया एकमेकींशी ताडून पाहण्यात आली. एका ग्रामीण वेलीच्या बियांची पूड मेंदूतील नियंत्रण-वर्तुळात नेमकी कोठे प्रवेश करते, हे रक्तातील हॉर्मोन मोजून ठरविण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्या काळी आयुर्वेदीय औषधांसंबंधी असे मोजमाप क्वचितच केले जाई.

या धाग्याचा पुढचा टप्पा दादर येथे आहे. गोखले मार्गावरील झंडू फार्मास्युटिकल वर्क्स ही कंपनी जुगतराम वैद्य यांनी १९१० मध्ये स्थापन केली; जामनगरचे झंडू भट्टजी हे त्यांचे आजोबा होत. कुहिलीच्या बियांपासून ठराविक प्रमाणाची पूड बनवून तिला प्रथम एचपी-२०० व नंतर 'झंडोपा' या नावाने उपलब्ध करून देण्यात आले. तिची अनेक केंद्रांत चाचणी घेण्यात आली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ६० रुग्णांचा बारा आठवड्यांचा अभ्यास आहे. त्यांपैकी २६ जण पूर्वी एल-डोपाची कृत्रिम औषधे घेत होते व ३४ जणांनी ती घेतलेली नव्हती. लक्षणांत सुधारणा दिसली व गंभीर अपाय आढळला नाही. पण या अभ्यासातही तुलनेचा गट नव्हता, हा वकील यांच्या १९४९ च्या लेखाच्या बाबतीत नोंदविलेलाच आक्षेप येथेही लागू होतो. २००४ मध्ये लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या दुहेरी अंध चाचणीत ३० ग्रॅम कुहिलीचा परिणाम नेहमीच्या एल-डोपा मिश्रणापेक्षा लवकर सुरू झाला. संख्या लहान असली तरी पद्धत काटेकोर होती. आयुर्वेदीय औषधांना आधुनिक कसोट्या लावण्याची ही वृत्ती के. ई. एम. रुग्णालयात शरदिनी डहाणूकर यांनी पुढे आयुर्वेद संशोधन केंद्राच्या रूपाने स्थिर केली.

कुहिलीवरील एक आक्षेप तिच्या रासायनिक स्वरूपातून येतो. एल-डोपा मेंदूत पोहोचण्यापूर्वीच शरीरात त्याचे डोपामीन होऊ नये म्हणून नेहमीच्या गोळ्यांत रोधक द्रव्य मिसळलेले असते. बियांच्या पुडीत ते द्रव्य नसते, म्हणून मात्रा मोठ्या लागतात व मळमळ वाढते. शिवाय एल-डोपा बीजातून आला काय किंवा कारखान्यातून आला काय, मंद पायरीचे नियंत्रण टाळूनच तो पुढे जातो. आरंभीच्या काळात उरलेल्या कोशिका मिळालेले डोपामीन साठवून गरजेप्रमाणे सोडतात, आणि रुग्ण बराच काळ चांगला राहतो. कोशिका कमी होत गेल्या की साठवण्याची क्षमताही जाते. मग औषध रक्तात चढते तेव्हा अनैच्छिक हालचाली होतात आणि ते उतरते तेव्हा शरीर जड होते. काही वर्षे एल-डोपा घेतलेल्या अनेक रुग्णांना हा अनुभव येतो, व त्याचे वैद्यकाला अजून पुरते निवारण करता आलेले नाही.

रेसर्पीन आज अतिरक्तदाबावर क्वचितच दिले जाते. सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्याने त्याची जागा त्यांनी घेतली. त्याच यंत्रणेवर क्रिया करणारे टेट्राबेनझीन मात्र अनैच्छिक हालचालींच्या विकारांवर वापरात आहे. प्रयोगशाळेत रेसर्पीन अजूनही साठा रिकामा करण्याचे प्रमाणभूत साधन आहे, आणि पुटिकांत द्रव्य भरणाऱ्या प्रथिनाची जी त्रिमितीय रचना अलीकडे उलगडण्यात आली, तीत रेसर्पिनाचा रेणू त्या प्रथिनाच्या मध्यभागी अडकलेला स्पष्ट दिसतो.